टेनिसचा नवा हंगाम: आठ आठवड्यांची तयारी, योग्य क्रमाने

हंगाम तोंडावर आला की बहुतेकांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. शनिवारी रॅकेट गटिंगला (नव्या तारा बसवायला) टाकायची, रविवारी नवे बूट घ्यायचे, सोमवारी दोन तास मनसोक्त खेळायचं आणि गुरुवारी कोपराला बर्फ लावून बसायचं. यात रॅकेटचा दोष नसतो, बुटांचाही नसतो. चुकतो तो क्रम.

खेळ बंद राहिला की दम, स्नायू आणि कंडरा तिन्ही सैलावतात, पण परत येताना ते एकाच वेगाने येत नाहीत. दम दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी सुधारतो. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सगळ्यांत सावकाश, त्यांना भार सोसायची सवय व्हायला महिने जातात. त्यामुळे धाप लागायची थांबली की आपण तयार झालो असं वाटतं, आपण जोर वाढवतो, आणि नेमकं त्याच आठवड्यात पोटरी, टाच, खांदा किंवा कोपर कुरकुरायला लागतं.

पुढचे टप्पे हा हिशेब धरूनच लावले आहेत. सोबत एक नियम शेवटपर्यंत पाळा: एका आठवड्यात एकच नवी गोष्ट. नवी रॅकेट, नवी तार, नवे बूट आणि बदललेली सर्व्हिस एकदम सुरू केलीत, तर दुखणं कशामुळे आलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

## १. पहिल्या सामन्याची तारीख धरून मागे मोजा

पहिला सामना कॅलेंडरवर मांडा आणि आठ आठवडे मागे या.

- आठवडा १ ते ३: फक्त ताकद आणि दम. कोर्टावर जायचं नाही.
- आठवडा ४ आणि ५: हलका खेळ, मोजून फटके.
- आठवडा ६ आणि ७: पूर्ण जोर, सराव सेट.
- आठवडा ८: भार कमी, फक्त धार लावणं.

हातात चारच आठवडे असतील तर आठ आठवड्यांचं काम चारांत कोंबू नका. ताकदीचे व्यायाम आणि हलका खेळ एकाआड एक दिवस ठेवा आणि हंगामाची सुरुवात दुहेरीने करा. दुहेरीत निम्मंच कोर्ट सांभाळायचं असतं, त्यामुळे पायांवर बराच कमी ताण येतो.

सावधान: चाळिशी ओलांडली असेल आणि मधल्या काळात व्यायाम जवळपास शून्य असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल, तर पहिला टप्पा डॉक्टरांकडे. हा सल्ला सगळेच देतात म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं, पण टेनिसमध्ये अचानक जोरात धावून अचानक थांबावं लागतं. ते हृदयाला चालण्यापेक्षा फार वेगळं काम आहे.

## २. शरीराची झाडाझडती

व्यायाम सुरू करायच्या आधी या चार चाचण्या करा आणि निकाल लिहून ठेवा.

पोटरी. भिंतीला फक्त बोटं टेकवून एका पायावर उभे राहा. टाच पूर्ण उंच उचला, सावकाश खाली आणा. सलग २० वेळा जमतं का? दोन्ही पायांत चार-पाचांपेक्षा जास्त फरक असेल तर कमकुवत पायावर जास्त काम करावं लागेल.

गुडघा आणि नितंब. खुर्चीवर बसा, एक पाय पुढे उचला आणि दुसऱ्या पायावर उठा. पाच वेळा. आरशात बघा: उठताना गुडघा आतल्या बाजूला पडतोय का? पडत असेल तर नितंबाच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत आणि कोर्टावर कडेचा चेंडू गाठताना हाच गुडघा तक्रार करणार.

खांदा. पाठीवर झोपा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर ९० अंशांत, बोटं छताकडे. आता हात पायांच्या दिशेने खाली झुकवा, खांदा जमिनीवरून न उचलता. ज्या हाताने सर्व्हिस करता तो हात कमी झुकतो, हे टेनिस खेळाडूंमध्ये सर्रास आढळतं. थोडा फरक चालेल, ठळक फरक असेल तर खांद्याच्या मागच्या बाजूचं स्ट्रेचिंग रोजचं करा.

कोपर. कोपर सरळ ठेवून, तळवा खाली करून, हलकी खुर्ची तिच्या पाठीला धरून उचला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली तर टेनिस एल्बो अजून शिल्लक आहे असं समजा. मग चौथ्या आठवड्यातही रॅकेट हातात घ्यायची घाई नको, आधी फिजिओथेरपिस्टकडे जा.

## ३. तीन आठवडे जमिनीवरची ताकद

इथेच घोडं पेंड खातं. हात शिवशिवत असतात, कोर्ट रिकामं दिसतं आणि घरात टाचा उचलत बसायला कंटाळा येतो. तरी हे तीन आठवडे टाळू नका. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती.

पोटरी आणि टाच. एकाच पायावर टाच उचलणं, १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या. वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. अर्धे गुडघा सरळ ठेवून, अर्धे गुडघा थोडा वाकवून करा, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि आतला, खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट कामाला लागतो. यातल्या वरच्या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग फाटण्याच्या दुखापतीला ‘टेनिस लेग’ असं नावच पडलं आहे. ज्यांना ती होते ते आधी मागे वळून बघतात, कारण कुणीतरी पोटरीवर चेंडू मारला असंच वाटतं.

मांडी आणि नितंब. पुढचा लंज (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं), बाजूचा लंज (तेच बाजूला) आणि एका पायावर खुर्चीतून उठणं. बहुतेक लोक फक्त पुढचा लंज आणि उठाबशा करतात. टेनिसमधली बरीच धाव आडवी असते, म्हणून एकच करायला वेळ असेल तर बाजूचा लंज निवडा.

खांदा. रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधा. कोपर ९० अंशांत अंगाला टेकवा आणि कोपर व बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची घडी धरा. पट्टी बाहेरच्या बाजूला ओढा, सावकाश परत या. टॉवेल पडला तर चुकतंय, पट्टी फार जड आहे. १५ वेळा, तीन फेऱ्या. सर्व्हिसनंतर हाताचा वेग रोखायचं मोठं काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात आणि जिममध्ये छातीचे व्यायाम करणारे नेमके त्यांनाच विसरतात.

मनगट आणि कोपर. हात मांडीवर, मनगट गुडघ्याच्या पुढे, तळवा खाली, हातात एक किलोचं डंबेल. दुसऱ्या हाताने डंबेल वर उचलायला मदत करा, मग मदत काढून घेऊन तीन-चार सेकंदांत सावकाश खाली सोडा. महत्त्व खाली सोडण्याला आहे. १५ वेळा, तीन फेऱ्या.

धड. प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं), बाजूचा प्लँक आणि भिंतीवर मेडिसिन बॉल, म्हणजे जड चेंडू फेकणं, दोन्ही बाजूंनी सारखं.

दम. पहिले दोन आठवडे सलग अर्धा तास जॉगिंग किंवा सायकल चालेल. तिसऱ्या आठवड्यापासून तुकडे पाडा: १५ सेकंद जोरात, ३० सेकंद चालणं, असे आठ ते दहा. लांब संथ धावणं पाया म्हणून ठीक आहे, पण फक्त तेवढंच करून आलेला माणूस तिसऱ्या गेममध्ये पायांत गोळे घेऊन उभा राहतो.

तपासा: व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू सगळीकडून अवघडल्यासारखे वाटले तर काळजी नको. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, हाडाजवळ, सकाळी उठताना दुखत असेल तर ते कंडरेचं दुखणं आहे. दहापैकी तीनपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत, इतपत चालेल. त्यापुढे गेलं तर वजन कमी करा, पण व्यायाम पूर्ण बंद करू नका. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी कमकुवत होते.

## ४. रॅकेट: बाहेरून आत

रॅकेटची तपासणी तिसऱ्या आठवड्यात करा. क्रम असा: फ्रेम, ग्रोमेट, ग्रिप, डॅम्पनर आणि सगळ्यात शेवटी तारा. बरेच जण तारांपासून सुरुवात करतात आणि नवं गटिंग करून घेतल्यावर फ्रेमला तडा असल्याचं कळतं. वरातीमागून घोडं.

१. फ्रेम. उजेडात धरून डोक्याची वरची कड, दोन्ही बाजू आणि गळ्याचा त्रिकोण बघा. रंगावरचा ओरखडा नखाला फारसा अडत नाही, तड्यात नख अडतं. तळव्यावर हलकेच आपटून आवाज ऐका, खुळखुळ किंवा करकर आली तर थांबा. तडा असलेल्या फ्रेमवर नवीन गटिंग करू नका. गटिंगच्या मशिनवरच ती तुटू शकते.

२. ग्रोमेट आणि बंपर. तार जिथून फ्रेममध्ये जाते ती प्लॅस्टिकची नळी फुटली असेल तर तार सरळ कार्बनच्या कडेवर घासते आणि नवी असूनही पटकन तुटते. डोक्यावरची पट्टी, म्हणजे बंपर, झिजून फ्रेम उघडी पडली असेल तर तीही बदलून घ्या. हे काम गटिंगच्या वेळीच होतं, नंतर परत तारा काढाव्या लागतात.

३. ग्रिप. वरची ओव्हरग्रिप सोलून काढा. खालची मूळ ग्रिप बघितली आहे का कधी? वर्षभर घाम प्यायलेली ग्रिप चपटी होते, तिच्या कडा दडपतात, कधी कधी भुगा हाताला लागतो. चपट्या मुठीवर आणखी दोन ओव्हरग्रिप चढवणं हा उपाय नव्हे, त्याने मुठीचे आठ कोन बुजतात आणि पकड बदलताना बोटांना अंदाज येत नाही. मूळ ग्रिप बदला, वर एकच ओव्हरग्रिप घ्या.

मापाची चाचणी: फोरहँडच्या पकडीत रॅकेट धरा. अनामिकेचं टोक आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी बसली पाहिजे. बसत नसेल तर मूठ बारीक, बरीच जागा उरली तर जाड. एक ओव्हरग्रिप घेर साधारण १/१६ इंच वाढवते, म्हणजे अर्धं माप. म्हणून दोन मापांमध्ये अडकलात तर बारीक मूठ घ्या. जाड करता येते, बारीक करणं कठीण.

४. डॅम्पनर, म्हणजे तारांमध्ये अडकवायचा छोटा रबर. जुना चिरला असेल तर फेका. तो तारांच्या आडव्या-उभ्या जाळीच्या बाहेरच बसवायचा, नियमानेही तिथेच चालतो. तो आवाज बदलतो, कोपर वाचवत नाही.

## ५. गटिंग

न खेळलेली रॅकेटही सैल होते. तारा ताणलेल्या अवस्थेत असतात, त्यामुळे कपाटात पडून पडूनही त्यांचा ताण उतरत जातो. म्हणून ‘गेल्या वर्षी शेवटी शेवटी तर गटिंग केलं होतं’ हा हिशेब चालत नाही.

तारा बघायची रीत: मधली एक उभी तार नखाने बाजूला सारा आणि आडवी तार जिथे तिला छेदते तिथे बघा. खाच पडली आहे का? सिंथेटिक गट (नायलॉनची साधी तार) किंवा मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) असेल तर खोल खाच म्हणजे ती तुटायच्या बेतात आहे. पॉलिएस्टर या कडक तारेचं वेगळं: ती तुटायच्या आधीच मरते. फटक्यानंतर तार सरकून तिथेच राहत असेल, चेंडू कधी लांब उडत असेल आणि कधी जाळीत जात असेल, तर लवचीकपणा संपला. ती तुटायची वाट बघत खेळणं हे कोपर दुखण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

कोणती तार? आठवड्यातून एक-दोनदा खेळणाऱ्या, तारा क्वचितच तोडणाऱ्या माणसाला पूर्ण पॉलिएस्टरची गरज नाही. मोठे खेळाडू ती वापरतात, पण ते सामन्यागणिक ताज्या गटिंगच्या रॅकेटी घेऊन उतरतात. मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट घ्या. हे माझं ठाम मत आहे.

ताण किती? फ्रेमवर पाउंडात किंवा किलोत मर्यादा छापलेली असते (५५ पाउंड म्हणजे साधारण २५ किलो). गेल्या हंगामातल्या आकड्यापासून सुरू करा. लांब विश्रांतीनंतर दोन पाउंड कमी ठेवलेले बरे: सैल तार चेंडू जास्त उडवते आणि हाताला कमी झटका देते, घट्ट तार नियंत्रण देते पण जोर तुमचा मागते. बदल एका वेळी दोन पाउंडांचाच. मल्टिफिलामेंटवरून पॉलिएस्टरवर जात असाल तर तीन-चार पाउंड उतरवा.

केव्हा? एकदा कोर्टावर जाण्याच्या आधी, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. पॉलिएस्टर वापरत असाल किंवा खूप खेळत असाल तर पुन्हा एकदा सामन्याच्या तीन-चार दिवस आधी. आदल्या रात्री नको: नव्या गटिंगचा ताण पहिल्या दिवसात सगळ्यात झपाट्याने उतरतो आणि सामना सुरू असतानाच रॅकेट बदलल्यासारखी वाटते. त्यानंतर वर्षभराचा ढोबळ नियम असा, की आठवड्यात जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग. पॉलिएस्टरसाठी त्याहून जास्त.

सावधान: तार तुटली तर बाकीच्या तशाच ठेवू नका. मधून सुरुवात करून कडेकडे, आडव्या-उभ्या दोन्ही कापा. एका बाजूला ताण आणि दुसरीकडे सैल, अशी फ्रेम दिवसेंदिवस ठेवली तर ती वाकते. उन्हात उभ्या गाडीतही रॅकेट ठेवू नका.

दोन रॅकेट असतील तर दोन्हींना एकच तार, एकच ताण आणि एकाच दिवशी गटिंग.

## ६. बूट

धावण्याचे बूट टेनिसला चालत नाहीत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, पुढे धावायला बनवलेली, आडवा झोका घेतला की घोटा मुरगळतो.

जुने बूट टिकतील का, हे बघायला फक्त तळ पाहू नका. नक्षी सपाट झाली असेल तर निकाल उघड आहे. पण सोलच्या वरचा मऊ थर अंगठ्याने दाबा. त्यावर कायमच्या सुरकुत्या असतील आणि तो दबतच नसेल, तर नक्षी शाबूत असूनही बूट संपला. बूट टेबलावर ठेवून मागून बघा: एका बाजूला कलला असेल तर तुमचा घोटाही तसाच कलतो आहे.

नवे घ्यायचे तर संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. खेळताना घालता तेच मोजे घालून बघा, अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. ती नसेल तर थांबताना नख बुटावर आपटून काळं पडतं. लाल मातीच्या कोर्टासाठी दाट नागमोडी नक्षी, सिमेंटसाठी जाड टिकाऊ रबर, गवतासाठी छोट्या गाठींचा तळ. बूट चौथ्या आठवड्याच्या आधी आणा, तीन-चार वेळा अर्धा अर्धा तास घाला, आणि तोवर लांब खेळाला जुनेच.

## ७. चेंडू

गेल्या हंगामातला उघडा डबा सर्व्हिसच्या सरावाला ठेवा, रॅलीला नको. नियमानुसार चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला की १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. घरी इतकं मोजायची गरज नाही, नवा आणि जुना एकदम खांद्याच्या उंचीवरून सोडा. फरक डोळ्यांना दिसला तर जुना बाद. ओला होऊन जड झालेला चेंडू तर अजिबात नको, तो थेट कोपराला लागतो.

पहिल्या दोन सत्रांसाठी हिरव्या ठिपक्याचे चेंडू मिळाले तर घ्या. ते नेहमीच्या चेंडूपेक्षा साधारण २५ टक्के संथ असतात. मुलांचे चेंडू म्हणून लाजू नका.

## ८. कोर्टावर परत

चौथा आठवडा. दहा मिनिटं वॉर्मअप: जॉगिंग, बाजूच्या उड्या, हात फिरवणं, चालते लंज, पट्टीने खांदा. धरून ठेवायचं लांब स्ट्रेचिंग खेळानंतर. आधी केलं तर स्नायूंचा जोर काही काळ घटतो.

फटके या क्रमाने परत आणा:

१. सर्व्हिसच्या चौकटींत उभं राहून छोटी रॅली, १० मिनिटं.
२. बेसलाइनवरून सरळ रॅली, अर्ध्या जोराने, २० मिनिटं.
३. व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधी मारायचा फटका.
४. सर्व्हिस. पहिल्या दिवशी २० ते २५, निम्म्या जोराने, सपाट, म्हणजे फिरकी न देता. पुढच्या प्रत्येक सत्रात दहाने वाढवा. सलग दोन दिवस नकोत.
५. स्मॅश आणि पाठ वाकवून मारायची किक सर्व्हिस सहाव्या आठवड्यात.

सर्व्हिस शेवटच्या पाच मिनिटांत, थकलेल्या हाताने, टोपली रिकामी होईपर्यंत मारत सुटणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. सर्व्हिस मोजा. रॅलीतले फटके मोजले नाहीत तरी चालतील.

तपासा: चौथ्या आठवड्यात तीन सत्रं, प्रत्येकी ४५ मिनिटं. पुढच्या सकाळी कोपर, खांदा, टाच ठीक असेल तरच पाचव्यात एका तासावर जा. ताकदीचे व्यायाम सुरूच ठेवा, फक्त आठवड्यातून दोनदा.

## ९. पायांचा वेग

बहुतेक गुण मोजक्या फटक्यांत संपतात आणि दोन गुणांमध्ये नियमाने २५ सेकंदांपर्यंत वेळ मिळतो. सरावही तसाच हवा. सहाव्या आठवड्यापासून रॅकेट हातात धरून, चेंडूशिवाय: मध्यभागी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरा, फोरहँडकडे धाव, फटक्याची नक्कल, परत मध्यभागी, उडी, बॅकहँडकडे. दहा सेकंद, मग २५ सेकंद चालणं. अशा सहा फेऱ्या झाल्या की ९० सेकंद बसा, म्हणजे बाजू बदलतानाचा वेळ. असे चार संच.

पाय थकले की आधी ती छोटी उडी गायब होते. ती दिसेनाशी झाली की सत्र थांबवा.

## १०. शेवटचे दहा दिवस

आठवडा ७ मध्ये दोन सराव सेट खरे गुण मोजून खेळा, ज्या वेळी सामना आहे त्याच वेळी. उन्हात खेळायचं असेल तर शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे सगळे सराव भल्या पहाटे करून दुपारचा सामना खेळू नका. खेळाआधी आणि नंतर वजन करा: एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेलं, पुढच्या वेळी मध्ये किती प्यायचं ते यावरून ठरवा. घाम सुकून कपड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर पाण्यासोबत मीठही हवं.

शेवटच्या आठवड्यात खेळाचा वेळ निम्मा, जोर तोच. नवीन काहीच नाही, लेसही जुन्या असतील तर आत्ताच बदला.

बॅगेत: दोन रॅकेट, तीन ओव्हरग्रिप, जादा लेस, दोन जोड मोजे, दोन टॉवेल, पाणी, टेप, रबरी पट्टी. पट्टी वॉर्मअपसाठी, कारण कोर्टावरच्या पाच मिनिटांत खांदा गरम होत नाही.

पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या सकाळी टप्पा २ मधल्या चारही चाचण्या पुन्हा करा आणि लिहून ठेवलेल्या निकालांशी ताडून बघा. पोटरीचा आकडा घसरला असेल किंवा खुर्ची उचलताना कळ आली, तर पुढच्या सामन्याआधी तीन दिवस फक्त टप्पा ३.